व्हीएलसीमध्ये तर चालतंय!

व्हिडिओ एडिटिंगवर पोट भरणाऱ्या माणसाला जी वाक्यं जन्मभर ऐकावी लागतात, त्यांत ‘पैसे पुढच्या आठवड्यात देतो’ याचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला मान ‘पण व्हीएलसीमध्ये तर चालतंय!’ या वाक्याचा. गिऱ्हाईक हे वाक्य एडिटरला ऐकवतं, एडिटर ते सॉफ्टवेअरला ऐकवतो आणि सॉफ्टवेअरला पुढे कोणाला ऐकवायची सोय नसल्यामुळे ते हँग होतं. या एका वाक्यात अख्खा खटला उभा आहे. फाइल धडधाकट आहे, कारण ती चालते. फुकटात मिळणारा, नारिंगी शंकूचं चित्र मिरवणारा प्लेअर ती बिनतक्रार दाखवतो. आणि दरमहा पैसे मोजून घेतलेलं, जाहिरातीत हॉलिवूडचे दाखले देणारं एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र तीच फाइल पाहून एक तर हात वर करतं, नाही तर अडखळत, धापा टाकत चालतं. तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा, यात शंकाच नको. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त चुकीचा आहे. माझं म्हणणं असं की कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आवळून लिहिण्या-वाचण्याच्या पद्धतीच्या, भांडणात बहुतेक वेळा फाइलही निर्दोष असते आणि सॉफ्टवेअरही. कॅमेऱ्याने ती फाइल लिहिलेली असते बघण्यासाठी आणि आपण बसलेलो असतो ती कापायला. बघणं आणि कापणं ही दोन इतकी वेगळी कामं आहेत, की एका कामाला फाइल जितकी सोयीची, तितकी ती दुसऱ्याला गैरसोयीची असते.

हे लक्षात यायला उशीर लागतो, त्याचा बराचसा दोष सॉफ्टवेअरच्या बोलण्याच्या पद्धतीकडे जातो. ॲडोबी प्रीमियर वर्षानुवर्षं ‘एरर कम्पायलिंग मूव्ही. अननोन एरर.’ असं सांगत आलेलं आहे. काहीतरी चुकलं आहे, काय ते ठाऊक नाही, आणि शेवटी पूर्णविराम, म्हणजे चर्चा संपली. दुसरा संदेश ‘द इम्पोर्टर रिपोर्टेड अ जेनेरिक एरर’. यात निदान तक्रार कोणी केली ते कळतं. काय केली ते गुलदस्त्यातच राहतं. याहून अबोल प्रकार म्हणजे नुसता दहा आकडी क्रमांक, तोही उणे चिन्हासकट. अधिक चिन्हाचे क्रमांक संपेपर्यंत चुका झाल्या असाव्यात. आणि फाइल सापडलीच नाही तर लाल पडदा येतो. त्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ हेच एक वाक्य जगातल्या अनेक भाषांत लिहिलेलं असतं. मराठी त्यांत नाही; पण रात्री दोन वाजता तो लाल पडदा समोर आला की मराठीची उणीव एडिटर स्वतःच्या तोंडाने भरून काढतो.

रोग कळला नाही की उपायांना ऊत येतो. आधी सॉफ्टवेअर बंद करून चालू करायचं. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. मग मीडिया कॅशे साफ करायचा. मग ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकायचा. त्याने आणखी बिघडलं तर जुना टाकायचा. मग यूट्यूबवर ‘हंड्रेड पर्सेंट वर्किंग’ असं मथळ्यात लिहिलेला बारा मिनिटांचा व्हिडिओ बघायचा. त्यातली नऊ मिनिटं चॅनेल सबस्क्राइब करण्यात गेल्यावर तो गृहस्थ सांगतो, बंद करून चालू करा. मग के-लाइट कोडेक पॅक टाकायचा. त्याने विंडोजमधल्या प्लेअरना बरं वाटतं. प्रीमियर किंवा डा विंची रिझॉल्व्ह आपापले डिकोडर वापरतात, त्यांना या पॅकचा पत्ताही नसतो. आणि शेवटचा उपाय म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट खोडून ‘एमकेव्ही’च्या जागी ‘एमपी४’ लिहायचं. यातला एकही उपाय कधीच लागू पडत नाही, असं मात्र म्हणता येत नाही. कॅशे साफ केल्याने कधीकधी खरोखर काम होतं, ड्रायव्हरनेही होतं, आणि घोळ तिथेच होतो. अनेकदा फसून एकदा लागू पडलेला उपाय माणूस मरेपर्यंत सोडत नाही, आणि जाताना पोरांना सांगून जातो.

तेव्हा उपाय बाजूला ठेवून आधी थोडा हिशेब करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट. एक फ्रेम झाली सुमारे ६२ लाख बाइटांची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या चित्राला ११ जीबीहून जास्त जागा हवी. आणि आयफोनच्या सेटिंगमध्ये ॲपल स्वतः लिहितं, की हेच एक मिनिट एचईव्हीसी कोडेकमध्ये साधारण ६० एमबीत मावतं. म्हणजे १८० पटींहून जास्त आवळून झाल्यावरही मावशींच्या पैठणीचा काठ ओळखू येतो आणि तो खरा की नकली यावर वादही घालता येतो. आवळण्याची पहिली युक्ती एकेका फ्रेमच्या आत चालते. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती चौथाईवर आणायची, आणि उरलेल्यातले डोळ्याला न जाणवणारे बारकावे गणिताने गाळायचे. हे गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ते १९७४ साली एका छोट्या शोधनिबंधात मांडलं. अहमद मूळचे बंगळूरचे, तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. कल्पना फारच सोपी वाटते, अशा अर्थाचा एका परीक्षकाचा शेरा होता, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. जेपेग फोटोपासून एचईव्हीसीपर्यंत सगळं जग आज याच सोप्या कल्पनेवर उभं आहे. एडिटिंगच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही त्या परीक्षकाचं मत पटण्यासारखं नाही.

पण खरी बचत होते ती एका फ्रेमच्या आत नाही, एका फ्रेमकडून दुसरीकडे जाताना. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये बदलतं ते किती? भटजींचा हात चार बोटं हलतो. मांडव तोच, खुर्च्या त्याच, खुर्चीत डुलकी घेणारे काकाही तेच. मग दर वेळी सगळं कशाला लिहा? हाउसिंग सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त ज्याने एकदा वाचलं आहे, त्याला हे तत्त्व शिकवावं लागत नाही. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय क्र. ४ मध्ये पुढीलप्रमाणे बदल.’ बाकी सगळं मागच्यासारखं. मागच्या सभेचं पान उघडावं, तर तिथेही ‘मागील सभेप्रमाणे’. असं मागे मागे जात कधीतरी एक सभा सापडते, जिच्यात कोणीतरी सगळं सविस्तर लिहून ठेवलेलं असतं. एच.२६४ किंवा एचईव्हीसीची फाइल थेट अशीच लिहिलेली असते. सविस्तर लिहिलेली ती आय-फ्रेम. ती साधारणपणे सेकंद-दोन सेकंदांतून एकदा येते. ‘मागीलप्रमाणे, पण’ एवढंच सांगते ती पी-फ्रेम. आणि बी-फ्रेम नावाचा तिसरा प्रकार तर ‘मागील व पुढील सभेप्रमाणे’ असं लिहून मोकळा होतो. पुढची फ्रेम फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेली असते, म्हणून हे साधतं. जी सभा अजून भरलेलीच नाही तिचा हवाला आजच्या इतिवृत्तात देणं आपल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही अद्याप जमलेलं नाही.

आता व्हीएलसीचं काम काय, ते पाहा. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सेंत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावेत म्हणून जो प्रकल्प सुरू केला, त्यातून तो पुढे आला. बघता यावेत म्हणून. कापता यावेत म्हणून नव्हे. तो वही पहिल्या पानापासून उघडतो आणि शेवटपर्यंत वाचत जातो. मागची सभा नुकतीच वाचलेली असल्यामुळे ‘मागीलप्रमाणे’ म्हणजे काय, हा प्रश्नच त्याला पडत नाही. एखादं पान फाटलेलं असलं तरी दोन ओळी गाळून तो पुढे जातो, आणि ऐकणारे पेंगत असल्यामुळे कोणी हरकत घेत नाही. एडिटरचं वागणं अगदी उलट, सभेत मधेच उठून उभ्या राहणाऱ्या त्या एका सभासदासारखं. ‘गेल्या जुलैतला ठराव क्र. ३ वाचा.’ वाचला. ‘आता त्याच्या आधीचा.’ वाचला. ‘आता त्याच्याही आधीचा.’ किबोर्डवरचं ‘जे’ हे बटण दाबून फुटेज उलटं चालवणं म्हणजे नेमकं हे. प्रत्येक फ्रेमसाठी सॉफ्टवेअरला मागच्या आय-फ्रेमपर्यंत पळत जावं लागतं आणि तिथून हिशेब करत परत यावं लागतं. त्यातून टाइमलाइनवर चार कॅमेऱ्यांचे चार थर रचले की चार सोसायट्यांच्या सभा एकाच हॉलमध्ये चालू होतात. अशा वेळी ज्याला ‘लॅग मारतोय’ म्हणतात, तो आळस नसतो. सॉफ्टवेअर तेव्हा आयुष्यातलं सगळ्यात जास्त काम करत असतं.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: ‘माझा कॉम्प्युटर लाखाचा आहे.’ असेल. पण हा हिशेब प्रोसेसरच्या सरसकट ताकदीवर सोडून भागत नाही, म्हणून चिपमध्येच त्या त्या कोडेकसाठी वेगळं सर्किट बसवलेलं असतं, आणि ते फार नेमक्या प्रकारांपुरतं असतं. एचईव्हीसी येतं म्हणजे सगळं एचईव्हीसी येतं, असं नाही. २०२० नंतरचे अनेक मिररलेस कॅमेरे रंगाची माहिती जास्त ठेवणारं, १० बिटचं ४:२:२ फुटेज देतात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना ते आवडतं, कारण हळदीचा पिवळा रंग नंतर हवा तसा वळवता येतो. या प्रकारच्या एचईव्हीसीचं सर्किट इंटेलच्या चिपमध्ये काही वर्षं आधीच आलं; एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ते आलं २०२५ साली, आरटीएक्स ५० मालिकेत. त्यामुळे मधल्या काळात महागडं कार्ड बसवलेल्या माणसाची टाइमलाइन अडखळत राहिली आणि शेजारच्या पोराच्या साध्या इंटेल लॅपटॉपवर तीच फाइल मऊसूत चालली. लाख रुपये गेले त्याचं दुःख एक वेळ पचतं. शेजाऱ्याचं चालतं, ते पचत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरदार आहे, आणि अर्धा खराही आहे. ‘भाची मोबाइलवर रील कापते, गाणं टाकते, दोन मिनिटांत अपलोड करते. तिला कुठे कोडेक आडवा येतो?’ येत नाही, कारण ज्या चिपने ती फाइल लिहिली तीच चिप ती वाचत असते. आपलं अक्षर आपल्याला लागतं. शिवाय रीलमध्ये एखादा-दुसराच थर, तोही मिनिटभराचा. त्याच भाचीला तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल, एक ड्रोन, दोन कॅमेरे आणि मुलाकडच्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपा एकत्र करून दोन तासांचा लग्नाचा व्हिडिओ करायला सांगा. ॲपलच्या अलीकडच्या चिपमध्ये व्हिडिओसाठी खास विभाग आहे, आणि तिथे हा त्रास बराच कमी होतो, हे मान्य करायला हवं. पण त्यातून सिद्ध एवढंच होतं, की कापण्यासाठी न केलेली फाइल कापायची तर चिपमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कारकून ठेवावा लागतो.

काही वेळा मात्र अडचण गणिताची नसतेच, वकिलांची असते. एच.२६४ हे मानक २००३ साली आलं आणि त्याच्या पेटंटांची फी बहुतांशी एका ठिकाणी भरता येत होती. २०१३ साली एचईव्हीसी आलं, आणि २०१७ पर्यंत त्याच्या पेटंटधारकांचे तीन वेगळे गट झाले. काही धारक तिन्हींच्या बाहेर राहिले ते निराळेच. गणिताच्या जोरावर फाइल अर्धी झाली, फीचे अर्ज तिप्पट झाले. २०१७ सालीच ॲपलने आयओएस ११ पासून आयफोनचं रेकॉर्डिंग मुळातच एचईव्हीसीवर नेलं. त्यामुळे फोन बदललेला नसताना, कॉम्प्युटर बदललेला नसताना, एका रात्रीत अपडेट आलं आणि सकाळच्या बारशाचं फुटेज उघडेनासं झालं, हे सर्वस्वी शक्य होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन आपल्या स्टोअरमध्ये ९९ सेंटना विकायला ठेवलं. लाखाचा कॉम्प्युटर घेतलेला माणूस एका डॉलरपेक्षा एक सेंट कमी असलेल्या वस्तूसाठी अडून बसू शकतो, हे त्याला कोणी दुकानात सांगत नाही. डा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीने लिनक्सवर अनेक वर्षं एच.२६४सुद्धा उघडलं नाही. या भांडणाला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स, अमेझॉन, मोझिला वगैरे मंडळींनी २०१५ साली एकत्र येऊन फी नसलेला कोडेक करायचं ठरवलं आणि २०१८ साली एव्ही१ जाहीर केला. त्याने एडिटरची सोय एवढीच झाली, की न उघडणाऱ्या फाइलींच्या यादीत आणखी एक प्रकार आला.

नाव बदलण्याच्या उपायाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण तो करणारी माणसं शिकलेली असतात. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही कोडेकची नावं नाहीत. चित्र, आवाज, वेळेच्या नोंदी हे सगळं कसं रचून ठेवायचं, त्या रचनेची ती नावं. आत चित्र एच.२६४ आहे, एचईव्हीसी आहे की आणखी काही, हे शेपटावरून कळत नाही. म्हणूनच दोन एमपी४ फाइलींपैकी एक उघडते आणि दुसरी उघडत नाही, यात जादूटोणा काही नाही. शेपूट बदलल्याने आत काहीच हलत नाही. फक्त आधी नकार देणारं सॉफ्टवेअर आता फसून होकार देतं आणि थोड्या वेळाने चिडून बंद पडतं. एक गोष्ट मात्र रचनेवर खरोखर अवलंबून असते. साध्या एमपी४मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची कॅमेरा सहसा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहितो. नेमकी पाठवणीच्या वेळी बॅटरी संपली, किंवा घाईत कोणी कार्ड ओढलं, की आत सगळं फुटेज शाबूत असतं आणि सूची नसते. मग तासाभराची फाइल काही जीबी जागा अडवून बसते आणि उघडायला गेलं तर मेल्याचं सोंग करते. अशा फाइलीला मात्र सॉफ्टवेअर जेव्हा ‘डॅमेज्ड’ म्हणतं, तेव्हा ते खरं बोलत असतं. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची दुसरी चांगली फाइल समोर ठेवून सूची पुन्हा तयार करणारी अनट्रंकसारखी साधनं आहेत. ती कधी यश देतात, कधी देत नाहीत. लाइट जाण्याची सवय असलेल्या गावात स्क्रीन रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करतात ते याच कारणाने: मधेच वीज गेली तरी तिथवरचं वाचवता येतं.

पण सगळ्यांत बेरकी आजार वेगळाच आहे, कारण त्यात फाइल मुकाट्याने उघडते. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो म्हणतो, पण उजेड कमी झाला, फोन तापला की तो फ्रेमचा वेग थोडा खाली-वर करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलीत नोंदलेली असते आणि प्लेअर त्या नोंदीप्रमाणे चालतो, म्हणून व्हीएलसीत सगळं जागच्या जागी. एडिटिंगच्या टाइमलाइनला मात्र सारख्या अंतराचे खण हवे असतात. सरासरी २९.९ पडलेल्या फ्रेम जर ३०च्या हिशेबाने रचल्या, तर अर्ध्या तासात चित्र आवाजाच्या सहा सेकंद पुढे जातं. म्हणजे वऱ्हाडी अक्षता टाकून, हात झटकून, पंगतीकडे नजर वळवतात, आणि मग गुरुजी ‘सावधान’ म्हणतात. इथे गंमत अशी, की सुरुवातीला आवाज बरोबर असतो, त्यामुळे एडिटर तपासतो तेव्हा सगळं ठीक दिसतं. तो पुढे गेल्यावर बिनसायला लागतं. मग आवाजाची पट्टी हाताने सरकवायची, पाच मिनिटांनी पुन्हा सरकवायची, पुन्हा कापायची. इतकं कष्टाळू आणि इतकं निरर्थक काम दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडेल असं वाटत नाही. हँडब्रेकसारख्या फुकटच्या साधनात ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल आधी काढून घेतली, तर हा प्रश्न उरत नाही.

आणि माझा मुद्दा हाच आहे: आधी. दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये शोधायची नसते, फाइल त्यात शिरण्यापूर्वीच करायची असते. जिथे प्रत्येक सभेचं इतिवृत्त पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण लिहिलेलं आहे, ‘मागीलप्रमाणे’ कुठेच नाही, असे कोडेक गेली वीस वर्षं हजर आहेत. अॅविडचा डीएनएक्सएचडी २००४ सालचा, ॲपलचा प्रोरेस २००७ सालचा. ते मुद्दाम कापणाऱ्यांसाठी केलेले आहेत. यावर येणारा आक्षेप पैशांचा असतो आणि तो खोटा नाही. मोबाइलचं तासाभराचं फुल एचडी फुटेज एचईव्हीसीमध्ये ३.६ जीबी असतं. तेच प्रोरेस ४२२मध्ये ॲपलच्याच तक्त्याप्रमाणे ६६ जीबी होतं. लग्न तीन दिवसांचं आणि कॅमेरे चार असले, तर हार्डडिस्कवाल्याचीच चांदी. पण म्हणूनच प्रॉक्सी नावाची सोय आहे. मूळ फाइली बाजूला ठेवायच्या, त्यांच्या कापायला हलक्या प्रती करायच्या, प्रोरेस प्रॉक्सी असेल तर तासाला सुमारे २० जीबी, त्यावर सगळी कापाकापी करायची आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरला मूळ फाइलींकडे पाठवायचं. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, सगळ्यांत हे आहे. काम संपलं की प्रती पुसून टाकायच्या.

वेळेचा आक्षेप राहिला: कन्व्हर्ट करायला तीन तास जातात, तेवढ्यात अर्धा व्हिडिओ कापून होईल. हे म्हणणारा माणूस ड्रायव्हर, कॅशे आणि यूट्यूब यांत घालवलेली रात्र हिशेबात धरत नाही, कारण ती कामाची रात्र होती, असा त्याचा समज असतो. कन्व्हर्ट होताना कॉम्प्युटर राबतो, माणूस जेवू शकतो. आणि ‘कन्व्हर्ट केलं की क्वालिटी जाते’ ही भीती एच.२६४मधून पुन्हा एच.२६४मध्ये नेताना रास्त आहे. तिथे प्रत्येक फेरीत थोडं थोडं गळतं. प्रोरेससारख्या ऐसपैस कोडेकमध्ये नेताना डोळ्याला दिसेल असं काही जात नाही. काही मंडळी उलट दिशेने भाबडी असतात: फाइल ३ जीबीची ६६ जीबी झाली म्हणजे चित्रही तेवढं सुधारलं असणार. ते होत नाही. कॅमेऱ्याने जे टाकून दिलं, ते परत आणणारा कोडेक अजून निघालेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फाइल अडली, तर कशालाही हात लावण्यापूर्वी मीडियाइन्फो हे फुकटचं साधन उघडा आणि तीनच ओळी वाचा: कोडेक कोणता, किती बिट आणि रंग ४:२:० की ४:२:२, आणि फ्रेम रेट कॉन्स्टंट की व्हेरिएबल. या तीन ओळी कळवल्या तर मदत करणाऱ्यालाही बोलायला काही मिळतं. ‘चालत नाहीये’ या दोन शब्दांवर जगातला कुठलाही तज्ज्ञ काही सांगू शकत नाही. ज्यांचं लग्न आहे त्यांनाही एक विनंती. मुलाकडच्यांनी काढलेल्या क्लिपा एडिटरला पाठवायच्या असतील तर व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तो वाटेत आणखी आवळला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. आणि पाठवून झाल्यावर, मागचे पैसे राहिले असतील तर तेही पाठवा.